माती विकू नका, माती मारू नका



या अंकात वनहक्काच्या दाव्यांची, मोजणीची नि तहसीलवरच्या मोर्च्याची माहिती आतल्या पानांवर आहेच. संपादकीय मात्र यावेळी आम्ही गांडुळावर लिहीत आहोत. काहीजण हसतील. बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्हीपण हसलो होतो. जमिनीचा लढा चालू आहे, दावे नामंजूर होत आहेत, आणि हे गांडुळाचं काय काढलं? पण बोलता बोलता कळलं, की हा विषय आपल्या लढ्याच्या बाहेरचा नाही. जमीन मिळवायची तर त्या जमिनीत जीव राहिला पाहिजे. नाहीतर हातात सातबारा येईल आणि शेतात नुसता मुरूम उरेल.

भात झोडून झालं की आपल्या पाड्यांवर दोन प्रकारची माणसं येतात. एक वीटभट्टीचा मुकादम. तो उचल देतो आणि माणसं घेऊन जातो. दुसरा मातीचा दलाल. तो रोख पैसे देतो आणि खाचराची माती घेऊन जातो. घरात लग्न असतं, कुणी आजारी असतं, सावकाराचा तगादा असतो. दलाल म्हणतो, "जमीन तुझीच राहील, मी वरवरची फूटभर माती नेतो, उलट तुझं खाचर खोल होईल, पाणी जास्त धरील." माणूस हो म्हणतो. मग तीच माती भट्टीवर जाते, आणि तीच माणसं तिथं जाऊन त्या मातीच्या विटा पाडतात. आपलीच माती, आपलेच हात, आणि इमारत वसई-भिवंडीला दुसऱ्याची.

आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर कायद्यानं वरची परवानगी लागते. त्यासाठी आपण भांडलो, अजून भांडतो. पण माती ट्रकात भरून निघून जाते आणि सातबारा घरातच राहतो. कागदावर जमीन आपली. कागद काही पिकत नाही.

त्या फूटभर मातीत काय असतं, ते आता पाहू.

पाऊस लागला की खाचराच्या बांधावर, वरकसात, उकिरड्याच्या कडेला मातीच्या बारीक गोळ्यांची ढिगुळं दिसतात. ती गांडुळाची विष्ठा. गांडूळ सडका पाला, शेण, मेलेली मुळं आणि त्याबरोबर माती खातं. पोटात ते सगळं दळलं जातं आणि मागून बाहेर पडतं. ही बाहेर पडलेली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा कसदार असते, पिकाला लागणारं खत तिच्यात मुळांना लगेच घेता येईल अशा रूपात असतं. गांडूळ ज्या वाटेनं जातं ती वाट मोकळी राहते. त्या बिळातून पाणी खाली मुरतं, हवा आत जाते, भाताचं नि नागलीचं मूळ त्याच वाटेनं खोल उतरतं. जिथं गांडूळ नाही तिथं पावसाचं पाणी वरच्या वर पळतं आणि जाताना माती घेऊन जातं.

चार्ल्स डार्विन नावाचा मोठा इंग्रज शास्त्रज्ञ होऊन गेला. माणूस आणि माकड यांचे पूर्वज एकच, असं सांगणारा तोच. मरणाच्या आदल्या वर्षी, १८८१ साली, त्यानं शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळावर. त्यानं घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरले होते. २९ वर्षांनी तिथं चर खणला तर खडूचा थर ७ इंच खाली सापडला. कुणी पुरला नव्हता. गांडुळांनी खालची माती वर आणून आणून तो झाकून टाकला होता. इंग्लंडातल्या बऱ्याच जमिनीत गांडुळं दरसाल एकरी १० टनाच्या वर माती वर आणतात, असा हिशेब त्यानं मांडला. म्हणजे एक मोठा ट्रक भरून. आपल्याकडं गांडूळ पावसाच्या चार महिन्यांतच जोरात काम करतं, तेव्हा आपला हिशेब वेगळा येईल. पण काम तेच.

आता दलालाचा हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावरची एक फूट माती म्हणजे सुमारे ४० टन, चार मोठे ट्रक. गांडूळ एकरभर जमिनीत वर्षाला एक ट्रक माती वर आणतं, आणि जेसीबी एका गुंठ्यातून चार ट्रक दुपारच्या जेवणाआधी भरतो. एक इंच सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. खाचर खोल होऊन पाणी जास्त धरतं हे खरं, पण खालचा मुरूम नि चोपण उघडं पडलेलं असतं. त्यात आवण लावलं तर पिवळं पडतं. मग दुकानात जायचं, गोणी आणायची, आणि पुढच्या साली दोन गोण्या.

इथून दुसरी गोष्ट सुरू होते. माती न विकताही ती मारता येते.

आपल्या भागात बुजुर्ग बाया सांगतात, "पाऊस लागला का पायाखाली गांडवळ यायचा, चालायला जागा नाय. आता दिसत नाय." पाड्यावरच्या शाळेच्या पोरांनी गेल्या श्रावणात तीन ठिकाणी हातभर लांब-रुंद नि हातभर खोल खड्डे खणून पाहिलं. जंगलाच्या कडेला, पानगळीखाली, गांडुळं बरीच निघाली. ज्या माळात दरसाल शेणखत पडतं तिथं त्याहून कमी, पण निघाली. ज्या माळात कित्येक सालं नुसतं दुकानचं खत नि औषध पडतंय तिथं पोरांनी माती हातानं चाळली, काही मिळालं नाही. हा काही मोठा प्रयोग नाही. पण मोठे प्रयोग झाले आहेत, आणि तेही हेच सांगतात.

इंग्लंडातच रॉथॅमस्टेड नावाच्या ठिकाणी १८५६ पासून एका कुरणाचे तुकडे करून प्रत्येकात वेगवेगळं खत दरसाल घालत आले आहेत. ज्या तुकड्यात नुसतं अमोनियम सल्फेट घातलं आणि चुना घातला नाही तिथली माती आंबट झाली आणि गांडुळं नाहीशी झाली. मेलेलं गवत खायला कुणी उरलं नाही, म्हणून ते न सडता चटईसारखं साचून राहिलं. आपली कोकणपट्टीची तांबडी माती आधीच आंबट. तिच्यात वर्षानुवर्षं सल्फेट आणि युरिया ओतला तर काय होणार हे वेगळं सांगायला नको.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. युरियाची मूठ टाकली की गांडूळ मरतं असं नाही. थोडं खत घातलं, पीक जोमानं आलं, त्याची मुळं नि पेंढा जमिनीत राहिला, तर गांडुळाला उलट जास्त खायला मिळतं. बिघडतं ते कुठं? शेणखत बंद, पाला बंद, पेंढा विकला, आणि नुसती गोणी, असं झालं की बिघडतं. गांडूळ युरिया खात नाही. त्याला शेण आणि पाला लागतो. आपण पिकाला खायला घालतो आणि मातीला उपाशी ठेवतो.

औषधाची गोष्ट वेगळी, ते सरळ मारतं. खोडकिडा आला की दुकानदार थिमेट द्यायचा, म्हणजे फोरेट. कार्बोफ्युरान देतो. हे दाणे खाचरात टाकले की किड्याबरोबर गांडूळही मरतं. गांडुळाला नाक नाही, फुफ्फुस नाही, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. जे मातीत मुरतं ते त्याच्या अंगाला लागतंच. आणि खाचरात नुसतं गांडूळ नसतं. मुठे असतात, चिंबोऱ्या असतात, वलगणीचे मासे चढून येतात, बेडूक असतो. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं तेव्हा आपलं कालवण त्याच खाचरातून येतं. दुकानदार थिमेटची किंमत सांगायचा. त्या पावसात किती घरांचं कालवण गेलं हे सांगायचा नाही. तणनाशकाचंही तसंच. बांधावर फवारलं की टाकळा नि कोळीची भाजी पण गेली.

बागाईतदारांच्या वाड्यांवर मजुरीला जाणाऱ्यांनाही हे माहीत असावं. बुरशीसाठी मोरचूद-चुन्याचा फवारा मारतात. त्यातलं तांबं पानावरून मातीत उतरतं आणि तिथं साचतं, जात नाही. जुन्या बागांतून, द्राक्षमळ्यांतून गांडुळं त्यामुळं कमी झाल्याचं जगभर दिसलं आहे. अमेरिकेत १९५०च्या दशकात झाडांवर डीडीटी फवारलं. ते पानांवर बसलं, पानं गळाली, गांडुळांनी खाल्ली. गांडुळं मेली नाहीत, पण त्यांच्या अंगात विष साठलं, आणि ती गांडुळं खाऊन रॉबिन नावाचे पक्षी मेले. रेचेल कार्सन या बाईनं १९६२ साली पुस्तकात हे लिहिलं तेव्हा कंपन्यांनी तिला वेड्यात काढलं. पुढं तिचंच खरं ठरलं.

आता नांगर. बैलाचा लाकडी नांगर चार-पाच बोटं माती फोडतो. ट्रॅक्टरचा लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटी करतो. खोल बिळं करून राहणाऱ्या गांडुळाची बिळं मोडतात, ते उघड्यावर पडतं, बगळे नि कावळे मागं उभेच असतात. पुष्कळांना वाटतं की गांडूळ कापलं की दोन होतात. तसं होत नाही. झालंच तर डोक्याकडचा भाग जगतो, शेपटीकडचा मरतो. भाड्याचा ट्रॅक्टर जोर करून चिखलणी करतो तेव्हा खालची माती दाबून घट्टही होते. ट्रॅक्टर आणूच नका असं आम्ही म्हणत नाही. ज्याच्याकडं बैल नाही तो काय करील? पण गरजेपेक्षा जास्त फेऱ्या मारल्या की पैसा जातो आणि मातीही जाते.

आता आपल्यावर येऊ. वनखात्याचे साहेब पंचनाम्याला येतात तेव्हा एक वाक्य ठरलेलं असतं: तुम्ही लोक राब भाजता, जंगल तोडता, माती धुऊन घालवता, तुम्हाला जमीन कशाला पाहिजे? याला उत्तर देताना आपण खोटं बोलायचं कारण नाही.

राब चैत्र-वैशाखात भाजतात. तेव्हा गांडूळ वर नसतंच. ते खाली ओलीत जाऊन अंगाची गुंडाळी करून झोपलेलं असतं. राबाची धग वरच्या दोन-चार बोटांपुरती, आणि रोपाची जागा सगळ्या शेताच्या मानानं थोडी. तेव्हा राबानं गांडूळ मारलं म्हणणं बरोबर नाही. पण राबात जो पाला नि जे शेण जळतं ते गांडुळाचं वर्षाचं जेवण, हे पण खरं. आणि काही ठिकाणी राबाच्या जोडीला सगळी धसकटं, बांधावरचं गवत, अख्खा माळ पेटवतात. ते चुकीचं. उतारावर उभा नांगर धरणं चुकीचं. शेण बागाईतदाराला विकून त्याच पैशात युरिया आणणं, हे तर आपणच आपल्या खिशातून चोरी केल्यासारखं. हे आपण आपल्या तोंडानं कबूल करू.

आणि मग साहेबाला विचारू. डोंगरावरचं मिश्र जंगल तोडून निलगिरी कुणी लावली? तिचा पाला गांडुळाला चालत नाही, तिच्याखाली गवत धड वाढत नाही. दर पावसाळ्यात आमच्या प्लॉटावर जनावरं सोडून, बांध फोडून कोण जातं? ज्याला पुढच्या पावसाला ही जमीन आपल्याकडं राहील की नाही ठाऊक नाही, तो माणूस बांध कशाला घालील? शेणाच्या पाट्या डोक्यावरून डोंगरावर कशाला नेईल? मरत आलेल्या मातीत गांडूळ परत यायला काही सालं लागतात. काही सालांचा भरवसा हा हक्काशिवाय येत नाही. मातीचा नाश आदिवासीच्या अडाणीपणानं होतो असं सरकार म्हणतं. आम्ही म्हणतो, तो टांगत्या तलवारीनं होतो. हक्क द्या, मग पाहा माती कशी राखतो ते.

वनहक्काचा कायदा २००६ साली झाला, नियम २००८ च्या १ जानेवारीला आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा आहे. दंडाच्या पावत्या सगळ्यांकडं नाहीत. पण नियमात पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात जमीन सपाट केलेली असणं, बांध घातलेले असणं, हा पण पुरावा धरला आहे. गावातल्या बुजुर्गांचा जबाबही धरला आहे. म्हणजे तुमच्या आजानं दगड रचून घातलेला बांध आज तुमचा साक्षीदार आहे. आणि तोच बांध गांडुळाचं घर आहे. लावणीच्या वेळी खाचर पाण्यानं भरतं, आत हवा राहत नाही, तेव्हा गांडूळ बांधात जाऊन जगतं आणि पाणी उतरलं की परत येतं. म्हणून बांध छाटून छाटून बारीक करू नका. दाव्याच्या फॉर्मात बांध लिहा, नकाशात दाखवा.

सरकारची आणखी एक योजना येते आहे, तिच्याबद्दलही सावध करतो. गांडूळ खताचा टाका, आणि त्यात सोडायला विकतचं गांडूळ. हे खत वाईट नाही. पण टाक्यातलं गांडूळ बहुतेक परदेशी जातीचं असतं. ते शेणाच्या ढिगात राहतं, शेतात सोडलं तर आपल्या मातीत बिळं करून राहत नाही. शेतातलं आपलं गांडूळ वेगळं. ते विकत आणावं लागत नाही. त्याला पाला, शेण आणि सावली मिळाली, विष बंद झालं, की ते बांधावरून, जंगलाच्या कडेवरून आपोआप येतं. आधी औषधानं फुकटचं गांडूळ मारायचं, मग पिशवीतलं गांडूळ खत विकत घ्यायचं, हा धंदा कुणाच्या फायद्याचा आहे ते ओळखा.

तेव्हा या सालासाठी आम्ही एवढं सुचवतो. पाड्यापाड्यावर बैठक घेऊन ठरवा.

एक. खाचराची माती वीटभट्टीला विकायची नाही. ग्रामसभेत ठराव करा. ज्याच्या घरी अडचण आहे त्याला दलालाच्या दारात पाठवू नका, धान्यकोठीतून, बचतगटातून आधी हात द्या. नुसता ठराव करून पोट भरत नाही.

दोन. राब जमेल तेवढा कमी करा. गादीवाफा करून, शेणखत घालून रोप तयार करता येतं. एकदम सगळं नको, एका तुकड्यावर करून पाहा. धसकटं नि माळ पेटवणं बंद.

तीन. बांधावर गिरिपुष्प लावा. त्याचा पाला लावणीच्या आधी चिखलात तुडवा. युरिया कमी लागेल, गांडुळाला खायला मिळेल.

चार. खाचरात थिमेट टाकायचं नाही. लावणीआधी रोपाचे शेंडे खुडले तर खोडकिड्याची अंडी बरीच जातात. पाखरं बसायला काठ्या रोवा.

पाच. शेण विकायचं नाही. उकिरडा उघडा उन्हात वाळवू नका, खड्डा करा, वर पाला नि माती टाका. शेणाच्या पाट्या वाहायचं काम एकट्या बायांचं नाही, बापयांनीही डोक्यावर पाटी घ्या.

सहा. रोजगार हमीत आपल्या प्लॉटांवर बांधबंदिस्ती नि खताचे खड्डे मागा. रोजगार हमीच्या केंद्राच्या कायद्यात आदिवासींच्या जमिनीच्या सुधारणेचं काम धरलेलं आहे. कामाचा अर्ज लेखी द्या, तारखेची पोच घ्या. मजुरी पण मिळेल, माती पण राहील आणि जमीन कसत असल्याचा कागद पण होईल.

सात. येत्या श्रावणात प्रत्येक पाड्यावर पोरांनी खड्डे खणून गांडुळं मोजावीत आणि वहीत लिहून ठेवावीत. कुठल्या माळात, काय खत, किती गांडुळं. पुढच्या श्रावणात तिथंच परत. मोजून झाली की गांडुळं परत मातीत सोडा. वह्या आमच्याकडं पाठवा, या पानांवर छापू. साहेब पुढच्या पंचनाम्याला माती धुतल्याचं बोलतील तेव्हा आपल्या हातात आपली वही असू दे.

साथींनो, "कसेल त्याची जमीन" ही घोषणा आपण देत आलो आहोत. कसणं म्हणजे नुसतं नांगरणं नाही. माती पुढच्या पिढीला जिवंत देणं हे पण कसण्यातच येतं. सावकारानं जमीन घेतली तेव्हा ती मोर्चे काढून, कोर्टात जाऊन परत आणता आली. भट्टीत भाजलेली माती कुठलंही कोर्ट परत देत नाही.

ज्यांना वाचता येतं त्यांनी हा मजकूर ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवावा. आणि पुढच्या बैठकीआधी पाड्यावर ट्रक आला, तर आधी सगळे गोळा व्हा, मग बोला.

जिंदाबाद.